वाईन-व्यवसायाच्या मासिकातलं सल्लागार मंडळ: ही माणसं नक्की करतात काय?

कागदकापू

मंडळी, माझा धंदा लेबलं छापण्याचा. बाटलीच्या आत काय आहे यापेक्षा बाहेरचा कागद ओलाव्यात सुटेल का, याचीच मला जास्त काळजी. पण गिऱ्हाईकं सगळी वायनरीवाली, त्यामुळे त्यांच्या व्यवसायाची मासिकं माझ्या टेबलावर येऊन पडतात आणि पडली की मी वाचतो.

'या हिवाळ्यात कोणती बाटली उघडावी' सांगणारी गुळगुळीत मासिकं वेगळी. मी म्हणतोय ती ट्रेड मॅगझिनं, ज्यांत पंपांवर सहा पानं असतात, द्राक्षवेलीच्या तारा किती ताणाव्यात यावर वाद असतो आणि मधूनच कंटेनरचं भाडं. सुरुवातीच्या एका पानावर नावांची चौकट असते. वर मुख्य संपादक, तांत्रिक संपादक, वार्ताहर. खाली बारीक टायपात संपादकीय सल्लागार मंडळ: दोन-तीन प्राध्यापक, एखादा द्राक्षशेतीचा सल्लागार, एक 'मास्टर ऑफ वाईन', एक निवृत्त वाईनमेकर, क्वचित वकील.

विचारायचं कारण असं. क्रॉस-फ्लो गाळणीवर (वाईन पडद्याला समांतर वाहवत गाळायचं यंत्र) दोन मासिकांत पाठोपाठ लेख आले. एक म्हणतं, चवीला ढिम्म धक्का लागत नाही. दुसरं म्हणतं, रेड वाईनच्या बाबतीत दहादा विचार करा. दोघांच्याही मंडळात भारदस्त नावं. ही नावं लेख वाचतात तरी का? की नुसती छापतात?

तिरकस

मंडळ म्हणजे कोनशिला हो. नावं कोरलेली, वीट एकानंही रचलेली नाही. धागा बंद करायला हरकत नाही.

अनुस्वार

तिरकसराव, थांबा जरा. वाचतेय.

शाईखुणा

तिरकस अर्धे बरोबर आहेत, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो. मी पेयव्यवसायाच्या एका मासिकात तांत्रिक मजकुराच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत.

आधी मुख्य संपादक. लोकांना वाटतं हा माणूस दिवसभर ग्लास फिरवत बसतो. प्रत्यक्षात त्याच्यासमोर असतं कॅलेंडर. उत्तर गोलार्धात द्राक्षतोड साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. पिंपांची ऑर्डर तोडणीच्या कितीतरी आधी द्यावी लागते, म्हणून ओक पिंपांचा अंक त्याच्याही आधी यायला हवा. छाटणीवरचा लेख छाटणी उरकल्यावर आला तर तो रद्दीच. आणि मासिक दोन्ही गोलार्धांत जात असेल तर प्रत्येक अंकात निम्म्या वाचकांचा हंगाम चुकलेलाच असतो. कोणत्या निम्म्यांना या महिन्यात नाराज करायचं, हे ठरवणं म्हणजे संपादकपद.

खरी मारामारी तांत्रिक संपादकाच्या टेबलावर. एक उदाहरण देतो. एका लेखात वाक्य होतं: 'बाटलीत भरताना मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला 30 मिलिग्रॅम ठेवा, वाईन सुरक्षित राहील.' वाचायला छान, ठाम. मंडळातल्या एका रसायनवाल्या बाईंकडे मजकूर गेला आणि परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच शब्द होता: 'पीएच?'

झालं. लेखकाचं ते वाक्य तिथेच मेलं. कारण जंतू मारतो तो सल्फरचा मॉलिक्युलर, म्हणजे आयन न झालेला, अंश आणि तो किती असेल हे पीएच, म्हणजे वाईनचा आंबटपणा, ठरवतो. व्हाइट वाईनसाठी लिटरला 0.8 मिलिग्रॅम मॉलिक्युलर हवं असं धरलं, तर पीएच 3.2 असताना मुक्त सल्फर 21 च्या आसपास पुरतं. पीएच 3.6 झाला की 50 लागतं. 3.8 ला तर जवळपास 80. म्हणजे 'तीस ठेवा' हा सल्ला एका टाकीला जास्त आणि शेजारच्या टाकीला घातक. वाक्य काढून तिथे चार ओळींचा तक्ता टाकला. त्या लेखातला सर्वात उपयोगी भाग तोच ठरला आणि त्यावर बाईंचं नाव कुठेही नव्हतं.

एककांचंही तेच. अमेरिकेतला लेखक 'एकरी 4 टन' लिहितो, त्याचा टन 907 किलोचा. हेक्टरी मेट्रिक टनात ते जवळपास 9 होतात. ऑस्ट्रेलियन माणूस साखर बोमेत मोजतो, अमेरिकन ब्रिक्समध्ये. एक बोमे म्हणजे साधारण 1.8 ब्रिक्स. गॅलन अमेरिकन की ब्रिटिश, हे न विचारता छापलं तर औषधाचा डोस पाचव्या हिश्शानं इकडेतिकडे होतो. हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि ते कुणीतरी कंटाळा न करता करावं लागतं.

तिरकस

मग अर्धा मुद्दा माझाच ना? त्या बाईंनी पेन्सिल चालवली. बाकीची नावं?

शाईखुणा

बाकीची नावं तीन तऱ्हेची. काही खरोखर वाचतात. काही वाचत नाहीत, पण फोन उचलतात; बातमीच्या दिवशी अर्ध्या तासात 'हे खरं की अफवा' सांगणारा माणूस सोन्याच्या मोलाचा. आणि काही तुमच्या कोनशिलेवरचे. प्रमाण मासिकागणिक बदलतं.

एक फरक मात्र लक्षात घ्या. हे संशोधनपत्रिकेसारखं परीक्षण नव्हे. 'अमेरिकन जर्नल ऑफ इनॉलॉजी अँड व्हिटिकल्चर' किंवा 'ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ ग्रेप अँड वाईन रिसर्च' इथे अनामिक परीक्षक निबंध फाडून परत पाठवतात. ट्रेड मॅगझिनमध्ये तोच संशोधक आपलं काम सोपं करून लिहितो आणि सोपं करताना त्याचा हात सैल सुटतो. प्रयोग एका बागेत, एका जातीवर, एकाच हंगामात झालेला असतो आणि लेखाचं शीर्षक असतं 'पानं विरळ केल्यानं रंग वाढतो'. सल्लागाराचं मुख्य काम म्हणजे त्या शीर्षकामागे उभं राहून 'कुठे? कधी? कोणत्या वेलीवर?' असं विचारणं.

तुमच्या गाळणीच्या दोन लेखांचंही बहुधा हेच झालं असेल. दोघांनी वेगळी यंत्रं, वेगळी वाईन, गाळल्यानंतर चव घेण्याची वेळ वेगळी. गाळल्यावर लगेच चाखली तर बहुतेक वाईन थोडी गप्प वाटते. काही आठवड्यांनी चाखणारा वेगळंच सांगणार.

तळघरातली

मी वायनरीत उत्पादन बघते, म्हणजे या मासिकांची अस्सल गिऱ्हाईक. शाईखुणांनी आतली बाजू सांगितली, मी बाहेरची सांगते.

ती चौकट मी नेहमी वाचते, पण एकटी नाही. एक बोट चौकटीवर आणि एक बोट जाहिरातींवर. मंडळात यीस्ट विकणाऱ्या कंपनीचा सल्लागार असेल आणि त्याच अंकात 'अडलेलं फर्मेंटेशन कसं सोडवावं' असा लेख असेल, तर शेवटचा परिच्छेद मी आधी वाचते. तिथे एखाद्या पाकिटाचं नाव आलं की बाकी लेख त्या चष्म्यातून. असा लेख खोटाच असतो असं नाही. यीस्टबद्दल यीस्टवाल्याइतकं कुणाला कळणार? फक्त त्यानं 'मी यांच्याकडून पैसे घेतो' हे एका ओळीत लिहावं, एवढंच मागणं आहे. जी मासिकं ती ओळ छापतात त्यांच्यावर माझा भरवसा जास्त.

दुसरं, धुराचं प्रकरण आठवा. 2020 मध्ये आधी ऑस्ट्रेलिया पेटला, मग कॅलिफोर्निया. ऐन हंगामात द्राक्षांवर धूर. त्या वर्षी उपायांचा पूर आला होता. कोळसा वापरा, अमुक पडद्यातून गाळा, तमुक एन्झाइम घाला. तेव्हा ज्या मासिकांच्या पाठीशी खरी माणसं होती ती लगेच ओळखू आली. ती उपायांच्या आधी तपासणीबद्दल बोलत होती: द्राक्षात सुटं ग्वायाकॉल (धुराचा वास देणारं रसायन) कमी सापडलं म्हणून हुरळू नका, वेल ते साखरेशी बांधून ठेवते, फर्मेंटेशनमध्ये आणि पुढे बाटलीत ते सुटं होत राहतं, इतकंच काय, तोंडातल्या लाळेनंही सुटतं. अॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटनं यावर 2003 च्या वणव्यांनंतर काम सुरू केलं होतं, त्यामुळे सांगायला माणसं होती. 'थोडी द्राक्षं बादलीत आंबवून बघा, मग तोडायचं की नाही ठरवा', हा सल्ला दिसायला फाटका. पण त्यानं अख्ख्या टाक्या वाचल्या.

बखरकार

थोडं इतिहासात शिरतो, विषय तसा जवळचाच आहे.

या धंद्याची मासिकं जुनी आहेत. लंडनचं 'हार्पर्स' 1878 चं. कॅलिफोर्नियात 'वाईन्स अँड व्हाइन्स' पुढे ज्या नावानं गाजलं, ते सुरू झालं 1919 मध्ये 'कॅलिफोर्निया ग्रेप ग्रोअर' म्हणून. साल बघा! जानेवारी 1920 पासून अमेरिकेत दारूबंदी. वाईनचं मासिक काढायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. पण घरी रस आंबवायला कायद्यात फट होती, त्यामुळे ताजी द्राक्षं रेल्वेच्या डब्यांतून देशभर जात होती आणि मासिकाला लिहायला विषय होता: डबे, पेट्या, भाव.

आता एक संपादकबाई. 24 मे 1976, पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन झाकून चाखायला ठेवल्या. परीक्षकांत ओदेत कान होत्या, 'ला रेव्ह्यू द्यू व्हँ द फ्रान्स'च्या संपादक. निकाल लागला तो कॅलिफोर्नियाच्या बाजूनं: व्हाइटमध्ये शातो मोंतेलेनाची 1973 ची शार्दोने, रेडमध्ये स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने. कानबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनं दिली नाही. तिथे हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम'चा जॉर्ज टेबर, म्हणून गोष्ट जगाला कळली. नाहीतर ती तिथल्या तिथे जिरली असती. पुढे हाच स्परियर 'डिकँटर' या वाईन-मासिकाचा सल्लागार संपादक झाला, हे अवांतर.

तिरकस

वा बखरकार! म्हणजे संपादकालाही झाकलेल्या बाटलीत घरची वाईन ओळखू आली नाही. आणि आम्ही तज्ज्ञ म्हणून यांच्या पाया पडायचं?

शिवाय रॉबर्ट हॉजसनचा अभ्यास आहेच. 2008, 'जर्नल ऑफ वाईन इकॉनॉमिक्स'. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकच वाईन एकाच फेरीत तीनदा दिली, अर्थात न सांगता. स्वतःच्याच गुणांशी बऱ्यापैकी सुसंगत राहिले ते दहातला एक. हॉजसन स्वतः वायनरीचा मालक, समुद्रशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. जळफळाट म्हणून सोडून देता येणार नाही.

तळघरातली

अभ्यास मान्य, निष्कर्ष अमान्य. तो अभ्यास स्पर्धेतल्या गुणांबद्दल आहे. पीएच, टाकीचं तापमान, खुंटाची निवड या गोष्टी जिभेवर ठरत नाहीत. मला सल्लागाराची जीभ नकोच आहे, त्याची वही हवी आहे.

अनुस्वार

'जीभ नको, वही हवी'. टाळ्या!

एक भाबडा प्रश्न. हे 'मास्टर ऑफ वाईन' प्रकरण काय असतं? नावापुढे एमडब्ल्यू असलं की मासिकं त्यांना हमखास घेतात असं दिसतं.

बखरकार

लंडनमध्ये 1953 ला पहिली परीक्षा झाली. 21 जण बसले, 6 पास. इन्स्टिट्यूट 1955 ची. सुरुवातीला निव्वळ ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्यांचा मामला. पहिली बाई उत्तीर्ण झाली 1970 मध्ये आणि व्यापाराबाहेरची पहिली व्यक्ती 1984 मध्ये, जॅन्सिस रॉबिन्सन, म्हणजे पत्रकारच. परीक्षेत बारा-बारा वाईनचे तीन झाकलेले पेपर, लेखी पेपर वेगळे आणि शेवटी एक शोधनिबंध.

शाईखुणा

भर घालतो. एमडब्ल्यू घेण्यामागे मासिकाचा हेतू फक्त चाखण्याचा नसतो. त्या परीक्षेत द्राक्षबाग, उत्पादन, हाताळणी, व्यापार सगळं येतं. त्यामुळे हा माणूस शेतकऱ्याचा लेख आणि आयातदाराचा लेख दोन्ही वाचून 'हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीयेत' असं सांगू शकतो. पण तो रसायनशास्त्रज्ञ असेलच असं नाही. पीएचवाला प्रश्न त्याच्याकडून येईल याची खात्री मी देणार नाही. ज्या मासिकाच्या मंडळात सगळेच एमडब्ल्यू, तिथे माझी भुवई किंचित वर जाते. सगळेच प्राध्यापक असले तरी जाते. ज्यानं स्वतः मध्यरात्री फुटलेला पाइप धरलाय, असा एक तरी माणूस यादीत हवा.

गुंडाळी

प्रतिसाद काढून टाकला आहे. (चुकून दुसऱ्या धाग्याचा प्रतिसाद इथे पडला.)

कागदकापू

प्रतिसाद वाचून माझाच एक अनुभव लख्ख झाला. 2023 ची लेबलांची धांदल. युरोपीय संघानं नियम केला की 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाईनवर घटक आणि पोषणमूल्यं द्यायची. सविस्तर यादी क्यूआर कोडमागे ठेवली तरी चालेल. आम्ही सगळ्यांनी महिनोन्‌महिने आधी क्यूआर छापले आणि शेजारी चौकोनात 'आय' हे अक्षर टाकलं. मग 24 नोव्हेंबरला आयोगाचा खुलासा आला: नुसतं 'आय' पुरणार नाही, तिथे 'घटक' असा शब्द हवा. तारखेला उरले दोन आठवडे आणि लेबलांचे रोल छापून तयार!

तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकानं मासिकातल्या बातमीचं कात्रण पाठवलं. त्यात आधीच्या वाईनला जुनं लेबल साठा संपेपर्यंत चालेल, आणि 'तयार झालेली' कधी म्हणायची, हे सरळ लिहिलं होतं. बातमी वार्ताहराच्या नावानं होती, पण हे त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही हे तेव्हाही जाणवलं होतं. आता चौकटीतल्या वकिलाचं नाव वेगळ्या नजरेनं बघेन.

शाईखुणा

तोच तो फोन उचलणारा.

कागदकापू, जाहिरातदारांचा मुद्दा तळघरातलीनं काढला, त्यावर एक सांगायचं राहिलं. या मासिकांची बरीचशी मिळकत जाहिरातींतून येते आणि जाहिरातदार म्हणजे याच धंद्याला माल पुरवणारे. मग त्यांचा माल वाईट निघाला की काय?

बुचांचं युद्ध घ्या. ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटनं सेमियाँ या पांढऱ्या द्राक्षाची एकच वाईन 14 वेगवेगळ्या बुचांखाली भरली आणि 2001 मध्ये पहिल्या वीस महिन्यांचा निकाल छापला. स्क्रूकॅपखाली सल्फर सर्वात चांगलं टिकलं. कृत्रिम बुचांखाली भराभर घटलं. नैसर्गिक कॉर्क बाटलीगणिक वेगळा वागला. आणि स्क्रूकॅपवाल्यांनी फार नाचू नये म्हणून त्या बाटल्यांना रबरासारखा वासही नोंदवला गेला. आता कल्पना करा, हे तिन्ही प्रकार विकणारे तुमचे जाहिरातदार आहेत. प्रत्येकाला त्या निकालातलं एकच वाक्य मोठ्या अक्षरात हवंय आणि दुसरं गाळायचंय.

अशा वेळी संपादक एकटा टिकत नाही. जाहिरात विभागाचा माणूस त्याच्या दारात उभा असतो आणि तोही पोटासाठीच. पण 'मंडळातल्या अमुक बाईंनी तक्ता पूर्ण छापा असं लेखी कळवलंय' असं म्हणता आलं की दार लावता येतं. मंडळाचा हा उपयोग बाहेरच्यांना दिसत नाही आणि माझ्या मते तो पेन्सिलीहून मोठा आहे.

तिरकस

ठीक. कोनशिला मागे घेतो, अर्धी. पण मला सांगा, या लोकांना पैसे मिळतात का? फुकट काम करणारा तज्ज्ञ दुसरीकडून वसूल करतोच.

शाईखुणा

आमच्याकडे मंडळाला नाममात्र मानधन आणि अंक फुकट. एखादा लेख खास तपासायला दिला तर त्याचे वेगळे पैसे. तुमची शंका रास्त आहे: सल्लागाराला मंडळावरच्या नावामुळे कामं मिळतात. त्यासाठीच आमच्याकडे ठराविक मुदतीनं नावं बदलायची पद्धत होती. जिथे तीच यादी वर्षानुवर्षं तशीच छापली जाते, तिथे कुणी ती उघडून बघितलेली नसते.

तळघरातली

आणि चुकांच्या दुरुस्त्या छापतात का ते बघा. 'मागील अंकातील तक्ता 2 मध्ये मिलिग्रॅमऐवजी ग्रॅम छापले गेले' अशी ओळ ज्या मासिकात अधूनमधून सापडते, ते मी पैसे भरून घेते. जिथे कधीच सापडत नाही, ते वाचनालयात वाचते.

कागदकापू

जुने अंक काढून बसलोय. गाळणीच्या 'ढिम्म धक्का लागत नाही'वाल्या लेखाचा लेखक चौकटीत 'स्वतंत्र सल्लागार' आहे. पान उलटलं तर गाळणी बनवणाऱ्या कंपनीची पूर्ण पानाची जाहिरात आणि तिच्या प्रात्यक्षिकाला तेच गृहस्थ पाहुणे. दुसऱ्या मासिकात लेखाखाली दोन ओळी आहेत: कोणत्या वाईनवर, गाळल्यानंतर किती दिवसांनी चाखली. दुरुस्त्या दोन्हीकडे शोधतोय अजून.

तळघरातली

पत्रांच्या पानाखाली बघा. तिथेच दडवतात.